कस्टमला जास्त गेलेली ड्यूटी परत कशी मिळवायची : नवीन इंपोर्टरसाठी

इंपोर्टमध्ये नवीन आलेल्या लोकांशी बोललं की एक गोष्ट सारखी दिसते. ड्यूटी जास्त गेली हे त्यांना कळलेलं असतं, कधीकधी किती गेली तेही कळलेलं असतं, पण "कस्टममध्ये गेलेला पैसा कुठे परत येतो" असं म्हणून सोडून देतात. येतो. कस्टम्स अॅक्ट १९६२ मध्ये त्यासाठी वेगळी कलमं आहेत, मुदती आहेत, आणि सरकारकडून उशीर झाला तर व्याज द्यायचं असंही लिहिलेलं आहे. घोळ असा होतो की बहुतेक जण थेट रिफंडचा फॉर्म भरतात आणि क्लेम तिथेच अडकतो. रिफंडचा अर्ज ही शेवटची पायरी आहे. त्याच्या आधी बिल ऑफ एन्ट्री (आलेल्या मालासाठी कस्टमकडे भरायचा इंपोर्टचा फॉर्म) दुरुस्त करून घ्यावी लागते, आणि जास्तीच्या ड्यूटीचा बोजा आपण पुढच्या पार्टीवर टाकलेला नाही हे आपल्या हिशेबातून दिसावं लागतं. हे दोन्ही एका वर्षाच्या आत जमवायचं असतं, म्हणून सगळी धावपळ.

खाली मुंबई भागातली नावं जास्त येतील, न्हावा शेवा बंदर, सहारचं एअर कार्गो वगैरे, कारण महाराष्ट्रातल्या बहुतेकांचा माल तिथूनच येतो, पण कायदा एकच आहे, माल मार्मागोव्याला उतरो नाहीतर नागपूरच्या आयसीडीत (बंदरापासून लांब असलेल्या कंटेनर डेपोत).

आधी बघा नक्की कुठली ड्यूटी परत मागायचीय

बिल ऑफ एन्ट्रीवर साधारण तीन आकडे असतात. बीसीडी म्हणजे मूळ कस्टम ड्यूटी, तिच्यावर १० टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज, आणि मालाची किंमत अधिक हे दोन्ही यांच्यावर आयजीएसटी, म्हणजे इंपोर्टवरचा जीएसटी. समजा मालाची असेसेबल व्हॅल्यू, म्हणजे ज्यावर ड्यूटी मोजतात ती किंमत, १०,००,००० रुपये आहे आणि तुम्ही १० टक्क्यांनी बीसीडी भरली, म्हणजे १,००,००० बीसीडी, १०,००० सरचार्ज, आणि ११,१०,००० वर १८ टक्के आयजीएसटी म्हणजे १,९९,८००. नंतर कळलं की सरकारच्या सवलतीच्या नोटिफिकेशनप्रमाणे बीसीडी ७.५ टक्केच लागत होती. मग बीसीडी २५,००० जास्त गेली, सरचार्ज २,५०० जास्त गेला आणि आयजीएसटी ४,९५० जास्त गेला, एकूण ३२,४५०.

आता हे ३२,४५० सगळे कॅशमध्ये येतील का, तर बहुतेकदा नाही. तुम्ही जीएसटीत रजिस्टर्ड आहात आणि इंपोर्टचा आयजीएसटी जीएसटीआर-३बी या महिन्याच्या रिटर्नमध्ये इनपुट क्रेडिट (आयटीसी) म्हणून घेतलात, तर ते ४,९५० तुम्हाला आधीच मिळालेत, ते कस्टमकडून पुन्हा मागता येत नाहीत. तुमचा खरा क्लेम २७,५०० चा. बरेच नवे लोक पूर्ण आकडा टाकून अर्ज करतात आणि मग आयटीसी घेतलं का नाही यावर पत्रव्यवहार चालू होतो, महिना तिथेच जातो. अर्ज करायच्या आधी जीएसटीआर-२बी, म्हणजे जीएसटी पोर्टलवरचं मिळणाऱ्या क्रेडिटचं स्टेटमेंट, काढा, त्यात ती बिल ऑफ एन्ट्री दिसते का बघा, क्रेडिट घेतलंय का ते अकाउंटंटला विचारा, आणि आकडा त्याप्रमाणे ठेवा. क्रेडिट घेतलेलं नसेल तर तसं सीएचं सर्टिफिकेट लावा.

जुने लोक ४ टक्के एसएडीच्या (स्पेशल अॅडिशनल ड्यूटीच्या) रिफंडबद्दल सांगतात, माल विकला की परत मिळायची ती. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर बहुतेक मालासाठी ती भानगडच संपली, आता तिच्या जागी आयजीएसटीचं क्रेडिट आहे, त्यामुळे नेटवर जुनं काही वाचून त्यामागे लागू नका.

तुमची केस कुठल्या खणात बसते

सगळ्या केसला एकच कलम लागत नाही, आणि चुकीच्या कलमाखाली अर्ज केला तर वर्ष निघून जातं.

ड्यूटी मुळातच जास्त भरली गेली असेल तर कलम २७. एचएस कोड (मालाच्या वर्गाचा नंबर, ज्यावरून ड्यूटीचा दर ठरतो) चुकला, सवलतीच्या नोटिफिकेशनचा नंबर टाकायचा राहिला, करन्सी चुकीची पडली, माल इन्व्हॉइसपेक्षा कमी उतरला, एकाच बिलाचे पैसे दोनदा गेले, हे सगळं यात येतं. एक कारण तर इतकं नेहमीचं आहे की प्रत्येकाने आपली जुनी बिलं काढून बघावीत. फ्रेट (वाहतूक भाडं) किती झालं ते माहीत नसेल तर व्हॅल्युएशन रूल्सप्रमाणे एफओबीच्या (परदेशी बंदरावर जहाजात चढेपर्यंतच्या किमतीच्या) २० टक्के फ्रेट आणि १.१२५ टक्के इन्शुरन्स धरतात. घाईत फ्रेटचं बिल सीएचएकडे (कस्टमचं काम करणाऱ्या एजंटकडे) पोचलेलं नसतं, तो २० टक्के धरून बिल फाइल करतो, आणि प्रत्यक्षात समुद्रमार्गे फ्रेट एफओबीच्या ४-५ टक्केच झालेलं असतं. त्या फरकावर प्रत्येक कन्साइनमेंटला ड्यूटी जास्त जाते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

माल खराब निघाला किंवा मागवला एक आणि आलं दुसरंच, तर कलम २६ए. इथे मुदती फार कमी आहेत, त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

माल चांगलाच होता पण परत बाहेर पाठवायचाय, सप्लायरला किंवा दुसऱ्या देशातल्या पार्टीला, तर कलम ७४ चा ड्रॉबॅक, म्हणजे माल एक्सपोर्ट झाल्यावर परत मिळणारी ड्यूटी. हा रिफंड नाही, ड्रॉबॅक आहे, अर्जही वेगळा.

इंपोर्ट केलेल्या कच्च्या मालापासून वस्तू बनवून एक्सपोर्ट करत असाल तर कलम ७५ चा ड्रॉबॅक, तिथे शिपिंग बिलच (एक्सपोर्टसाठी कस्टमकडे भरायचा फॉर्म) क्लेम म्हणून चालतं. तो विषय एक्सपोर्टवाल्यांचा, इथे सोडतो.

आणि अपीलात जिंकलात तर त्या निकालामुळे परत मिळणारी ड्यूटी. अपील करताना भरलेलं प्री-डिपॉझिट हे मात्र ड्यूटी नाही, ते परत मिळवायला कलम २७ चा सगळा सोपस्कार लागत नाही, निकालाची कॉपी जोडून साधं पत्र दिलं तरी चालतं, आणि त्यावरचं व्याज पैसे भरल्या दिवसापासून मोजतात.

कलम २७ : एक वर्ष, आणि ते कधीपासून

ड्यूटी भरल्याच्या तारखेपासून एक वर्ष. माल सुटल्याच्या तारखेपासून नाही, चूक कळल्याच्या तारखेपासून तर अजिबात नाही. ई-पेमेंटची पावती काढा, त्यावरची तारीख कॅलेंडरवर मारून ठेवा.

तीन ठिकाणी हे वर्ष वेगळ्या दिवसापासून सुरू होतं. असेसमेंट (ड्यूटी किती लागते ते ठरवणं) प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरती होती तर फायनल असेसमेंट होऊन ड्यूटी अॅडजस्ट झाली त्या दिवसापासून. अपील, ट्रिब्युनल किंवा कोर्टाच्या निकालामुळे रिफंड निघाला तर निकालाच्या तारखेपासून. आणि सरकारने कलम २५(२) खाली खास ऑर्डर काढून माफी दिली असेल तर त्या ऑर्डरच्या तारखेपासून.

ड्यूटी अंडर प्रोटेस्ट, म्हणजे मान्य नाही असं लेखी कळवून, भरली असेल तर एक वर्षाची मर्यादा लागतच नाही. म्हणून ऑफिसर एक कोड म्हणतोय, तुम्ही दुसरा म्हणताय, माल शेडमध्ये पडलाय, डेमरेज आणि डिटेन्शन (माल आणि कंटेनर अडकल्याचा दंड) चढतंय आणि पैसे भरल्याशिवाय गत्यंतर नाही अशी वेळ आली तर भरा, पण त्याच दिवशी बिल ऑफ एन्ट्री नंबरसकट प्रोटेस्टचं पत्र द्या, कारणं लिहा आणि पोच घ्या. पोच नसलेलं प्रोटेस्ट नंतर सिद्ध करणं फार कठीण जातं. त्याच पत्रात कलम १७(५) खाली स्पीकिंग ऑर्डर, म्हणजे कारणं दिलेली लेखी ऑर्डर, मागा. ऑफिसरने तुमच्या असेसमेंटच्या विरोधात री-असेसमेंट केली आणि तुम्ही ती लेखी मान्य केलेली नाही, तर री-असेसमेंटपासून १५ दिवसांत कारणांसह ऑर्डर द्यायची जबाबदारी त्यांची आहे, आणि ती ऑर्डर हातात असली की अपील सरळ होतं.

रक्कम १०० रुपयांपेक्षा कमी असेल तर रिफंड देत नाहीत, तेवढ्यासाठी कुणी जाणारही नाही.

अर्जाच्या आधीची पायरी : बिल ऑफ एन्ट्री दुरुस्त करणं

इथे सगळ्यात जास्त क्लेम पडतात, म्हणून हे नीट वाचा. आता असेसमेंट आपण स्वतःच करतो, सेल्फ असेसमेंट. त्यामुळे लोकांना वाटतं की कुठल्या ऑफिसरने ऑर्डर दिलेलीच नाही, मग जास्तीचे पैसे थेट मागितले तर काय झालं. सुप्रीम कोर्टाने १८ सप्टेंबर २०१९ ला आयटीसी लिमिटेडच्या केसमध्ये सांगितलं की सेल्फ असेसमेंट हीसुद्धा असेसमेंटची ऑर्डरच आहे, आणि ती बदलून घेतल्याशिवाय रिफंडचा अर्ज टिकत नाही, कारण रिफंड देणारा ऑफिसर असेसमेंट नव्याने करायला बसलेला नसतो. म्हणजे बिल ऑफ एन्ट्रीवर जोपर्यंत १० टक्के लिहिलंय तोपर्यंत कायद्याच्या दृष्टीने तुम्ही १० टक्केच देणं लागत होता, जास्त काही गेलेलंच नाही.

मग ती बदलायची कशी? माल अजून सुटला नसेल, आऊट ऑफ चार्ज (माल सोडायची कस्टमची ऑर्डर) मिळालेला नसेल तर तिथेच थांबा आणि बिल दुरुस्त करून री-असेस करून घ्या, हा सगळ्यात स्वस्त मार्ग, एक दिवसाचं डेमरेज गेलं तरी परवडतं.

माल सुटून गेला असेल तर मुंबई हायकोर्टाने २०२१ मध्ये डायमेन्शन डेटा कंपनीच्या केसमध्ये सांगितलं की बदल फक्त अपीलातूनच करायला हवा असं नाही, कलम १४९ ची दुरुस्ती किंवा कलम १५४ ची चूकदुरुस्ती हेही रस्ते मोकळे आहेत. कलम १५४ हे आकडेमोडीच्या आणि लिहिण्यातल्या चुकांसाठी, उघड दिसणाऱ्या. कलम १४९ जास्त रुंद आहे पण त्याला एक पक्की अट आहे, दुरुस्तीला आधार म्हणून जो कागद दाखवाल तो माल सुटला त्या वेळी अस्तित्वात असायला हवा. फ्रेटचं इन्व्हॉइस, कॉन्ट्रॅक्ट, मालाचा कॅटलॉग, टेस्ट रिपोर्ट, हे त्या तारखेचे किंवा आधीचे असले तर चालतात. नंतर सप्लायरकडून मागवलेलं "चुकून जास्त किंमत लावली होती" असं पत्र इथे उपयोगाचं नाही.

२०२५ च्या फायनान्स अॅक्टने आणखी एक सोय आणली, कलम १८ए, आणि ती १ नोव्हेंबर २०२५ पासून चालू झाली. यात माल सुटल्यावरही इंपोर्टर स्वतः एन्ट्री रिव्हाइज करू शकतो, ड्यूटी कमी भरलेली निघाली तर फरक व्याजासकट भरायचा, जास्त भरलेली निघाली तर ती रिव्हाइज्ड एन्ट्रीच कलम २७ खालचा रिफंड क्लेम धरली जाते. नव्या माणसासाठी हा रस्ता खूप चांगला आहे असं माझं मत, पण तो सगळ्यांना खुला नाही. तुमच्यावर ऑडिट, सर्च, जप्ती किंवा समन्सची कारवाई सुरू झाल्याचं कळवलेलं असेल तर नाही, आणि ऑफिसरने आधीच री-असेस केलेल्या बिलावर रिफंड मागायला नाही. तिथे अपीलच करावं लागतं.

आणि एक धोका. १४९ ची दुरुस्ती झाली किंवा १८ए खाली रिव्हाइज केलं म्हणून एक वर्ष पुन्हा नव्याने सुरू होत नाही. त्याच फायनान्स अॅक्टने स्पष्ट करून टाकलंय की अशा केसमध्येही वर्ष ड्यूटी भरल्या तारखेपासूनच मोजायचं. म्हणजे अकराव्या महिन्यात अमेंडमेंटचं (१४९ च्या दुरुस्तीचं) पत्र दिलं, ऑफिसमध्ये दोन महिने पडून राहिलं, आणि मग रिफंड मागितला तर वेळ गेलेली असते. अमेंडमेंट लवकर टाका, आणि वर्ष संपायला येऊनही निर्णय झाला नसेल तर थांबू नका, रिफंडचा अर्ज मुदतीत देऊन ठेवा आणि त्यात अमेंडमेंट पेंडिंग आहे असं पोच जोडून लिहा.

अपीलाचा रस्ता घ्यायचा असेल तर कमिशनर अपील्सकडे ६० दिवस, योग्य कारण असेल तर आणखी ३० दिवस माफ होतात, त्यापुढे नाही. कायद्याचा खरा वाद असेल, म्हणजे कुठला कोड लागतो, नोटिफिकेशन लागू होतं का नाही, तर अपीलच बरं, उगाच अमेंडमेंटमध्ये वेळ घालवू नका.

ओरिजिन सर्टिफिकेट उशिरा येतंय?

यूएई किंवा आसियान देशातून कराराच्या सवलतीत माल आणणाऱ्यांचं हे नेहमीचं, तिथे माल त्याच देशात बनल्याचं ओरिजिन सर्टिफिकेट लागतं. सर्टिफिकेट आलेलं नाही, माल आलाय, म्हणून पूर्ण ड्यूटी भरून सोडवतात आणि म्हणतात नंतर मागू. नंतर मागणं फार जड जातं. त्यापेक्षा बिल भरतानाच सवलतीचा क्लेम टाकून, बॉण्ड देऊन प्रोव्हिजनल असेसमेंट मागा, मग सर्टिफिकेट आलं की फायनल करून घ्या, आणि एक वर्षही फायनल झाल्यापासून मोजलं जाईल. फक्त सर्टिफिकेट हातात असून भागत नाही, कॅरोटार २०२० या ओरिजिनबद्दलच्या नियमांप्रमाणे माल त्या देशात कसा बनला, किती व्हॅल्यू अॅडिशन झालं ही माहिती इंपोर्टरकडे असावी लागते आणि पाच वर्षं जपावी लागते.

बोजा पुढे ढकलला नाही हे दाखवणं

दुसरी मोठी भिंत ही. कायदा असं धरून चालतो की तुम्ही भरलेली ड्यूटी तुम्ही पार्टीकडून वसूल केलीच आहे. कलम २८डी मध्ये तसं गृहीतच धरलेलं आहे, आणि उलटं सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर. सिद्ध नाही झालं तर रिफंड मंजूर होतो पण पैसे तुम्हाला न येता कन्झ्युमर वेल्फेअर फंडात जातात. मंजुरीची ऑर्डर हातात आणि खात्यात काही नाही, असं खरंच होतं. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने १९९६ मध्ये मफतलाल इंडस्ट्रीजच्या निकालात हे तत्त्व कायम केलं, आणि २००० च्या सोलर पेस्टिसाइडच्या निकालाने कच्चा माल स्वतःच्या फॅक्टरीत वापरणाऱ्यांनाही ते लावलं, म्हणजे "आम्ही माल विकलाच नाही, वापरला" एवढं म्हणून सुटका नाही.

मला या नियमात चूक काही वाटत नाही, गिऱ्हाइकाने दिलेला पैसा दुकानदाराने दोनदा घेऊ नये हे बरोबरच आहे. पण ज्याने खरंच स्वतःच्या खिशातून सोसलं तोसुद्धा कागद नसल्यामुळे हरतो, त्याचं वाईट वाटतं, कारण कागद तयार करणं त्याच्याच हातात होतं.

करायचं असं. ड्यूटी जास्त गेली हे लक्षात आलं आणि ती किमतीत धरून वसूल केलेली नाही, तर त्या दिवशी अकाउंटंटला सांगून ती रक्कम खर्चातून काढून "कस्टम ड्यूटी रिसीव्हेबल" या नावाने येणं म्हणून दाखवा, आणि ३१ मार्चच्या बॅलन्सशीटमध्ये ती तशीच दिसू द्या. ऑफिसर पहिली हीच गोष्ट बघतो. नफातोट्यात खर्च म्हणून टाकलेली ड्यूटी म्हणजे मालाच्या किमतीत धरली, किमतीत धरली म्हणजे पार्टीकडून घेतली, असा सरळ अर्थ लावला जातो. मग सीएचं सर्टिफिकेट घ्या, पण एका ओळीचं नको. त्यात बिल ऑफ एन्ट्री नंबर, रक्कम, कुठल्या लेजरमध्ये दाखवली, आणि कशाच्या आधारावर बोजा पुढे गेलेला नाही म्हणताय ते लिहिलेलं पाहिजे. सोबत जास्त ड्यूटी भरायच्या आधीची आणि नंतरची सेल बिलं जोडा. विक्रीची किंमत दोन्ही वेळा तीच असेल तर ते चांगला आधार देतं, आणि किंमत आधीच करारात ठरलेली असेल तर तो करारच लावा.

सगळ्यांना हे लागत नाही. एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या घरगुती वापरासाठी काही मागवलं, समजा टेलिस्कोप किंवा तबला-पेटीची केस, तर तिला ही अट नाही. आणि माल सुटायच्या आधीच जास्त पैसे भरले गेले आणि ते सेल्फ असेस्ड बिल ऑफ एन्ट्रीवरूनच उघड दिसतंय, किंवा री-असेस्ड बिलावर खरी ड्यूटी दिसतेय, तर तिथेही सूट आहे. दोनदा पेमेंट गेलेल्यांनी हा मुद्दा अर्जात ठळक लिहावा.

अर्ज आणि त्यानंतर

अर्ज १९९५ च्या रिफंड रेग्युलेशन्समधल्या फॉर्मवर, आणि माल ज्या पोर्टवर सुटला तिथल्या असिस्टंट किंवा डेप्युटी कमिशनरकडे. न्हावा शेवाचा माल तर उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू कस्टम हाऊसला, सहारचा तर एअर कार्गोला. कंपनी पुण्याची आहे म्हणून पुण्यात देता येत नाही, आणि दोन पोर्टचे क्लेम एकत्र करता येत नाहीत. प्रत्येक कस्टम हाऊस आपली पब्लिक नोटीस काढून कागदांची यादी सांगतं, ती आधी साइटवरून उतरवून घ्या.

साधारण लागतं ते असं: बिल ऑफ एन्ट्री, मूळ आणि दुरुस्त झालेली दोन्ही, पेमेंटची पावती, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बीएल (जहाजाची पावती, बिल ऑफ लेडिंग) किंवा एअरवे बिल, दुरुस्तीची किंवा अपीलाची ऑर्डर, हिशेबाचं टेबल, वर दिलंय तसं, किती भरली आणि किती लागत होती, सीएचं सर्टिफिकेट, बॅलन्सशीट आणि त्या लेजरचा उतारा, आयटीसीबद्दलचं डिक्लरेशन, कॅन्सल चेक आणि बँकेची माहिती, आणि सीएचए काम बघत असेल तर त्याच्या नावाने ऑथॉरिटी लेटर. वरती एक पानाचं पत्र लावा ज्यात कलम कुठलं, ड्यूटी कधी भरली, वर्ष कधी संपतं, कारण काय, एवढंच असेल. फाइल उघडणाऱ्याला पहिल्या पानावर सगळं कळलं की काम पुढे सरकतं.

दिल्यावर तारखेची पोच घ्या. कागद अपुरे असतील तर दहा कामकाजाच्या दिवसांत डेफिशियन्सी दाखवून अर्ज परत करायचा असतो, पूर्ण असेल तर तेवढ्याच दिवसांत रीतसर अॅक्नॉलेजमेंट द्यायची असते. डेफिशियन्सी मेमो आला तर घाबरायचं नाही, पण उत्तर एकदाच आणि पूर्ण द्या, तुकड्यातुकड्याने देत बसलात तर प्रत्येक वेळी नव्याने सुरुवात होते.

अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत पैसे नाही मिळाले तर त्यापुढच्या दिवसापासून कलम २७ए प्रमाणे व्याज, सध्या वर्षाला ६ टक्के. ते आपोआप यायला पाहिजे पण अर्जातच मागून ठेवा, म्हणजे मंजुरीच्या ऑर्डरमध्ये त्याचा उल्लेख होतो. अर्ज नामंजूर करायचा असेल तर आधी शो कॉज नोटीस देऊन पर्सनल हिअरिंग द्यायला लागतं. हिअरिंगला स्वतः जा, निदान एकदा. सीएचए चांगला असतो पण तुमच्या विक्रीची किंमत कशी ठरते हे त्याला माहीत नसतं, आणि प्रश्न नेमका त्यावरच येतो. नामंजुरीची ऑर्डर आली तर मिळाल्याची तारीख पाकिटासकट जपा, ६० दिवस तिथून.

तुमच्यावर आधीची कुठली कस्टमची थकबाकी पक्की झालेली असेल तर ती या रिफंडमधून वळती करून घेतात, हे माहीत असू द्या.

माल खराब निघाला तर, कलम २६ए

समजा तळोज्यातल्या एका युनिटने मशीनचे मोटर मागवले आणि खोका उघडला तर व्होल्टेजच वेगळं. पहिली गोष्ट, ते जोडून बघायचं नाही. माल वापरला, दुरुस्त केला किंवा त्यावर काम केलं की २६ए संपलं. फक्त दोष शोधण्यापुरता वापर चालतो. सप्लायरशी ईमेल चालू करा, फोटो काढा, जमलं तर सर्व्हेअरचा रिपोर्ट घ्या, आणि लगेच कस्टमला कळवा, कारण माल सुटल्याच्या ऑर्डरपासून ३० दिवसांत तो परत एक्सपोर्ट करायचा, किंवा त्यावरचा हक्क सोडून कस्टमच्या ताब्यात द्यायचा, किंवा ऑफिसरसमोर नष्ट करायचा असतो. कमिशनर ही मुदत तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकतात पण त्यासाठी कारण दाखवून मागावी लागते. मग त्या घटनेपासून सहा महिन्यांत रिफंडचा अर्ज. नाशवंत माल आणि मुदत संपलेला माल यात बसत नाही.

सप्लायर "बघतो, बघतो" करत तीन आठवडे काढतो आणि ३० दिवस निघून जातात, हे फार होतं. त्याच्या उत्तराची वाट न बघता मुदतवाढीचा अर्ज देऊन ठेवा. तेही जमलं नाही तर कलम ७४ शिल्लक आहे.

परत पाठवायचा असेल तर, कलम ७४

ड्यूटी भरल्यापासून दोन वर्षांच्या आत, न वापरलेला माल तसाच परत गेला तर भरलेल्या ड्यूटीच्या ९८ टक्के परत. वापरलेला असेल तर किती दिवस वापरला त्यावर: तीन महिन्यांपर्यंत ९५ टक्के, सहापर्यंत ८५, नऊपर्यंत ७५, बारापर्यंत ७०, पंधरापर्यंत ६५, अठरापर्यंत ६०, त्यापुढे शून्य. कपड्यासारख्या काही वस्तू एकदा वापरल्या की काहीच मिळत नाही. आयजीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल तर तेवढा भाग इथेही मिळत नाही.

सगळा खेळ ओळख पटवण्याचा आहे. आलेला तोच माल परत चाललाय हे एक्झामिनेशनला ऑफिसरला दिसलं पाहिजे, त्यामुळे सिरीयल नंबर, बॅच नंबर, लॉट नंबर इंपोर्टच्या पॅकिंग लिस्टवर असायलाच हवेत. सप्लायरला पहिल्या ऑर्डरपासूनच तसं सांगून ठेवा. शिपिंग बिल भरताना कलम ७४ चा क्लेम आहे हे आणि इंपोर्टच्या बिल ऑफ एन्ट्रीचा नंबर त्यातच टाका, साधं शिपिंग बिल भरून नंतर सांगितलं तर अवघड होतं. लेट एक्सपोर्ट (माल बाहेर पाठवायची कस्टमची ऑर्डर) मिळाल्यापासून तीन महिन्यांत कागद पूर्ण करून क्लेम द्या.

खर्च आणि लॉगिनबद्दल

रक्कम छोटी असेल तर स्वतः करा, कागद वाचता येतात एवढं पुरे. मोठी असेल किंवा कोडचा वाद असेल तर अनुभवी कन्सल्टंट घ्या, पण फी लेखी ठरवा आणि टक्केवारीवर ठरवत असाल तर ती प्रत्यक्ष खात्यात आलेल्या रकमेवर, मंजूर झालेल्या रकमेवर नाही, कारण मंजूर झालेलं वेल्फेअर फंडातही जाऊ शकतं हे वर पाहिलंच. आइसगेटचं (कस्टमच्या ऑनलाइन पोर्टलचं) लॉगिन, पासवर्ड, ओटीपीचा मोबाइल नंबर हे तुमच्याच नावावर ठेवा. दर महिन्याला एकदा आत जाऊन आपल्या बिल ऑफ एन्ट्री उतरवून घ्यायच्या आणि कोड, नोटिफिकेशन, फ्रेट, करन्सी या चार गोष्टी इन्व्हॉइसशी ताडून बघायच्या. चूक पहिल्या महिन्यात सापडली तर अमेंडमेंटला अकरा महिने हातात असतात.

तीन महिने उलटून गेले आणि काहीच हालचाल नसेल तर आधी त्या सेक्शनला लेखी रिमाइंडर, मग कमिशनरला पत्र, मग सीपीग्राम्सवर (केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर) तक्रार, प्रत्येक वेळी पोच नंबर लिहून.

आणि पैसे आले की अकाउंटंटला लगेच कळवा. ती रक्कम रिसीव्हेबलमध्ये दाखवलेली असेल तर ते खातं तिथे मिटतं. आधीच्या वर्षी खर्चात टाकलेली असूनही रिफंड मिळाला असेल तर तो यंदाचं उत्पन्न धरला जातो, आणि व्याज आलं असेल तर ते कुठल्याही परिस्थितीत उत्पन्नच, त्यामुळे अॅडव्हान्स टॅक्सच्या पुढच्या हप्त्यात ते धरायला सांगा.